माझ्या पोटातलं अस्वल

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. एवढं मला नक्की माहीत आहे. बाकी माझ्याबद्दलच्या बऱ्याच गोष्टींत माझा स्वतःचाच गोंधळ आहे, आणि तो कुणाला तरी सांगावा म्हणून आज बोलायला बसले आहे.

तुमच्यापैकी कित्येकांनी कॅसेट पाहिलेलीही नसेल. मी तुमच्या जेवणाच्या डब्याएवढी असते, काळी आणि चपटी. माझ्या आत दोन चाकं आणि त्यांवर गुंडाळलेली लांबच लांब फीत असते. त्या फितीवर चित्रं आणि आवाज भरलेले असतात. मला व्हीसीआर नावाच्या यंत्रात ढकललं, की माझी चाकं फिरू लागतात आणि टीव्हीवर चित्र दिसतं.

पण आम्हा कॅसेटींची एक अडचण आहे. आपल्या पोटात काय आहे, ते आम्हाला कधीच दिसत नाही. यंत्राच्या आत मिट्ट काळोख असतो आणि टीव्ही असतो बाहेर. बाहेरची माणसं हसली, की समजायचं आपण विनोदी आहोत. माणसं जांभया देऊ लागली, की समजायचं आपल्यात कुणाचं तरी लग्न आहे. आमचं सगळं ज्ञान हे असं ऐकीव.

माझ्या पाठीवर एकावर एक तीन लेबलं आहेत. सगळ्यात खालचं परक्या लिपीत आहे. त्याच्यावरच्या लेबलावर ‘सत्यनारायण, बी विंग’ असं लिहून खोडलेलं आहे. सगळ्यात वर जाड अक्षरांत लिहिलं आहे : ‘अस्वल, रोज ५.३०’. आता एकाच बाईची तीन नावं असली, तर तिचा गोंधळ उडणार नाही तर काय?

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते आठवत नाही. एका थंड देशातल्या घरात कुणीतरी मला टीव्हीसमोर बसवून भरलं, एवढं अंधूक आठवतं. मग धोंडिराम नावाचा खलाशी जहाजावरून मला घेऊन आला. बंदरावरच्या बाजारात एका म्हातारीने त्याला एका छत्रीबरोबर मला देऊन टाकलं होतं. बंदर कुठलं, देश कुठला, हे धोंडिरामला धड सांगता येत नसे. छत्री कुठली ते मात्र तो बरोबर सांगायचा.

धोंडिरामने मला मुलुंडला राहणाऱ्या आपल्या चुलतभावाला दिलं. त्याचं नाव काशीराम. माझं सगळं आयुष्य मग या काशीरामच्या हाताखाली गेलं.

काशीराम मूळचा मालवणकडचा. आधी तो परळच्या एका गिरणीत फिटर होता. गिरणी बंद पडली, तेव्हा तो रेडिओ दुरुस्त करायला शिकला, आणि पुढे त्याने केबलचा धंदा टाकला. बी विंगच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली एक खोली होती. तिथे एक व्हीसीआर, एक टेबल आणि वायरींचा हा एवढा गुंता. तिथून आजूबाजूच्या चार इमारतींत वायरी गेल्या होत्या. काशीरामने व्हीसीआरमध्ये कॅसेट घातली, की दीडशे घरांत एकदम चित्र दिसायचं. त्या काळी त्याला कंट्रोल रूम म्हणत. नाव मोठं, पण आत पंखासुद्धा नव्हता.

आधी त्याने माझ्यावर इमारतीतली सत्यनारायणाची पूजा भरायचं ठरवलं होतं. लेबलही लावून झालं. पण माझ्या कडेचा एक छोटा प्लास्टिकचा तुकडा मोडलेला आहे. तो मोडलेला असला, की यंत्र त्या कॅसेटवर नवं काही भरू देत नाही. काशीरामने मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, “बरं. मग तुझ्यात काय आहे ते तरी बघू.”

त्याने आवाज अगदी बारीक ठेवून मला शेवटपर्यंत लावलं, पण काय दिसलं ते सांगितलं नाही. तसा तो मुलखाचा अबोल. ‘हो’, ‘नाही’ आणि ‘बघतो’ एवढ्या तीन शब्दांत तो दिवस काढायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला त्याने मला पुन्हा यंत्रात घातलं, वायरींशी बराच वेळ खुडबुड केली आणि मला चालू केलं.

आणि माझ्या पोटातून एक भारदस्त, घोगरा आवाज आला :

“काय रे पोरांनू, जेवलात काय? नाय तर मी येतंय तुमच्या वांगडा जेवूक!”

मित्रांनो, काय सांगू! खाली चार इमारतींतून मुलांचा असा काही गलका उठला, की टाकीवरची कबुतरं उडाली. त्या दिवशी मला कळलं, की माझ्या पोटात एक अस्वल आहे आणि ते मालवणी बोलतं. त्याच्याबरोबर एक ससा आणि एक बदकही होतं. तिघं एका होडीत राहायची. ससा भित्रा होता आणि भरभर बोलायचा. बदक सदा कुरकुरायचं. अस्वल मात्र सगळ्यांना आधी जेवलात का ते विचारायचं.

मी फिरू लागले, की तो आवाज यायचा. मी थांबले, की तो थांबायचा. मग तो माझा नाही तर कुणाचा? मी त्या आवाजाच्या जोरावर फार मिरवले, हे कबूल करते. कंट्रोल रूममध्ये चाळीसेक कॅसेटी होत्या. हाणामारीच्या सिनेमांच्या कॅसेटी तर स्वतःला फारच शहाण्या समजत. पण रोज एका ठरावीक वेळेला लागण्याचा मान फक्त माझा होता.

तरीही काही गोष्टी मला तेव्हाही कळत नव्हत्या. माझ्यावर जे एकदा भरलं आहे, ते रोज तसंच्या तसं वाजायला हवं. पण माझं अस्वल रोज वेगळं बोलायचं. एकदा ते मध्येच म्हणालं, “सी विंगच्या विक्या, काल जिन्यार केळ्याची साल तूच टाकलंस मां? उचल ती आधी!” मी चक्रावले. मला विकी माहीत नव्हता, जिना माहीत नव्हता. मग माझ्या पोटातल्या अस्वलाला कसा माहीत?

तळमजल्यावरच्या संघमित्राला गणितात पैकीच्या पैकी गुण मिळाले, तेव्हा अस्वलाने तिला शाबासकी दिली. ती पोर म्हणे दर आठवड्याला ‘अस्वलकाकांना’ अशी चिठ्ठी लिहून काशीरामच्या दाराला अडकवलेल्या डब्यात टाकायची. आता काशीरामच्या दारातली चिठ्ठी माझ्या पोटात कशी पोहोचली, हे मला कुणी समजावून सांगेल काय?

एका पावसाळ्यात तर कहर झाला. मला चक्क सर्दी झाली. आठवडाभर माझं अस्वल नाकात बोलत होतं आणि दर दोन वाक्यांना शिंकत होतं. सशालाही सर्दी, बदकालाही सर्दी. मुलांना त्याची फार मजा वाटली. मी मात्र घाबरले. ओल आत शिरली असेल, असं माझ्या मनाने घेतलं. काशीरामही त्या आठवड्यात गळ्याला मफलर गुंडाळून बसायचा, पण माझी काळजी वाटत असेल म्हणूनही तो तसं करत असेल, अशी मी समजूत करून घेतली.

तुम्ही आता हसत असाल. हसा. मला कळायला वीस-पंचवीस वर्षं लागली.

दहा वर्षं मी अशी रोज साडेपाचला लागत होते. मग दिवसरात्र कार्टून दाखवणारी चॅनेल आली, मोठ्या कंपन्या आल्या आणि छतांवर डिशच्या छत्र्या बसल्या. मुलंही मोठी झाली. एके दिवशी काशीरामने वायरी गुंडाळल्या, व्हीसीआर उचलला आणि मला घरी नेऊन माळ्यावरच्या लोखंडी पेटीत ठेवलं. शेवटच्या दिवशी त्याने माझ्या लेबलवरची धूळ अंगठ्याने पुसली होती. ते मी विसरले नाही.

पेटीत पडून राहणं म्हणजे काय, ते जुन्या वस्तूलाच विचारा. अंगावर बुरशी चढली. झुरळं आली आणि गेली. खालच्या घरातले आवाज तेवढे कानावर यायचे. काशीरामची मुलगी रुचिरा कॉलेजात गेली, तिचं लग्न झालं, ती दोन इमारती सोडून राहायला गेली. पुढे तिला तेजल झाली. रुचिरा एका प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करते, त्यामुळे तेजल दिवसभर आजीआजोबांकडेच असते. आजीचं नाव मालन. तिचा आवाज असा, की माळ्यावरच काय, तो समोरच्या इमारतीतही ऐकू जावा.

मग एक दिवस काशीरामचा आवाज यायचा बंद झाला.

आधी मला वाटलं, अबोल माणूस आहे, अजून अबोल झाला असेल. पण मालनच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं, की त्याच्या घशाला मोठा आजार झाला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन करून त्याचं स्वरयंत्र काढून टाकलं. जीव वाचला, पण आवाज गेला तो गेलाच. इस्पितळातून त्याला टॉर्चएवढं एक मशीन मिळालं होतं. ते गळ्याला टेकवून ओठ हलवले, की बोलणं ऐकू येतं. काशीरामने ते एकदाच वापरलं. तेव्हा तेजल तीन वर्षांची होती. तो घुर्र आवाज ऐकून ती किंचाळत मालनच्या पदराआड लपली आणि तासभर बाहेर आली नाही. काशीरामने मशीन डब्यात घातलं आणि डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं.

तेव्हापासून तो पाटीवर लिहून बोलतो. मालनला ते चालतं. पण तेजल आता पाच वर्षांची आहे आणि इंग्रजी शाळेत जाते. तिला अजून मराठी वाचता येत नाही. ती आजोबांना काहीतरी विचारायची. मग पाटीवर खडूचा कर्रकर्र आवाज यायचा. आणि मग तेजल म्हणायची, “छान काढलंय, आजोबा.” तिला वाटायचं, आजोबा तिला चित्र काढून दाखवतात. दोन वर्षं मी माळ्यावरून हे ऐकत होते. मला फार वाईट वाटायचं, पण कॅसेट काय करणार?

एका संध्याकाळी तेजल मोबाइलवर बोलणाऱ्या प्राण्यांचं कार्टून बघत होती. रुचिरा तिला न्यायला आली होती. ती मालनला म्हणाली, “आई, माझ्या लहानपणीचं ते अस्वल आठवतं गं? मालवणी बोलायचं ते? मी लॅबमध्ये सांगितलं, तर सगळे हसतात. म्हणे, असं कार्टूनच नव्हतं कधी. नेटवर पण किती शोधलं, काहीच सापडत नाही ना.”

मालन भाजी निवडत होती. ती सहज म्हणाली, “सापडेल कसं? अगं, ते अस्वल म्हणजे तुझे बाबाच की.”

“काय?”

“हां मग. तेच बोलायचे. कोणाला सांगायचं नाही म्हणाले होते. पोरांचं अस्वल जाईल म्हणाले.”

रुचिरा हळू आवाजात म्हणाली, “म्हणजे बाबांचा आवाज त्या कॅसेटमध्ये आहे.”

“असेल ना. भरला असेल तेव्हा. मी कुठे गच्चीवर जायचे?”

मित्रांनो, या घरात काशीरामचा आवाज कुठेच उरला नव्हता. लग्नात, बारशाला, सगळीकडे कॅमेरा त्याच्याच हातात असायचा, आणि कॅमेऱ्यामागचा अबोल माणूस काय बोलणार? आणि आता रुचिराला कळलं, की तो आवाज माझ्यात आहे. तेजलला आजोबांचा खरा आवाज ऐकवता येईल. तिची भीती जाईल. काशीराम आंघोळीला गेलेला असताना रुचिरा स्टुलावर चढली, पेटी उघडली आणि मला पिशवीत घालून बाहेर पडली. मी तर हवेतच होते. वीस वर्षं धूळ खाल्ली, पण शेवटी मीच उपयोगी पडणार होते!

घाटकोपरला देवेश नावाच्या माणसाचं एक दुकान आहे. तो जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून देतो. त्याने माझ्या अंगावरच्या छोट्या खिडकीतून आत पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

“ताई, वाट लागलीय हिची. बुरशी बघा.”

“काही करा, पण आवाज आला पाहिजे,” रुचिरा म्हणाली. “चित्र नाही आलं तरी चालेल.”

देवेश बोलायला रोखठोक, पण हाताने फार हळुवार. त्याने माझे स्क्रू काढले, फीत वीतभर वीतभर पुसली आणि शनिवारी रुचिराला बोलावलं. मग त्याने मला यंत्रात सरकवलं. माझी चाकं फिरली. मी त्या ओळखीच्या वाक्याची वाट पाहू लागले.

आणि दुकानातल्या स्पीकरमधून एक परका माणूस परक्या भाषेत भराभरा बोलू लागला. मागे कुणी बाई बारीक आवाजात गात होती.

मला आधी वाटलं, शेजारची दुसरी कॅसेट लागली आहे.

“हे काय आहे?” रुचिराने विचारलं.

“तुमचीच कॅसेट. हे बघा, अस्वल, ससा, बदक, होडी.”

“हो, पण हे अस्वल मालवणी बोलतं.”

देवेशची खुर्ची करकरली. “ताई, हे फॉरेनच्या टीव्हीवरून टेप केलेलं आहे. कोपऱ्यात त्यांच्या चॅनेलचा शिक्का आहे बघा.”

“पुढे असेल. पूर्ण बघा ना, प्लीज.”

देवेशने मला शेवटपर्यंत चालवलं. पाऊण तास रुचिरा उभी होती. पाऊण तास माझ्या पोटातून तो परका माणूस बोलत राहिला. एकदाही त्याने कुणाला जेवलास का म्हणून विचारलं नाही. मला इतकी शरम वाटली, की वाटलं फीत तुटून जावी.

“यावर वरून दुसरा आवाज भरलेलाच नाही,” मला बाहेर काढत देवेश म्हणाला. “भरता पण आला नसता. हा तुकडा मोडलाय, बघा. तुमचे बाबा केबलवाले होते ना? मग सोपं आहे. व्हीसीआरच्या आवाजाची वायर काढायची आणि तिथे माइकची खोचायची. चित्र कॅसेटचं, आवाज माणसाचा. आमचा केबलवाला चालू पिक्चरमध्ये सांगायचा, आज पाणी सहाला येणार म्हणून.”

“म्हणजे बाबा रोज नव्याने बोलायचे?”

“रोजच बोलत असणार.”

“आणि ते कुठेच भरलेलं नाही?”

“नाही ना, ताई. बोलले आणि गेलं.” मग त्याने विचारलं, “पेनड्राइव्ह बनवू?”

रुचिराने नकारार्थी मान हलवली. तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ती रडली. देवेशने टेबलफॅन तिच्याकडे वळवला आणि तो उगाच दुसऱ्या कामात असल्यासारखं करू लागला.

आणि मी? मला एकेक गोष्ट आठवत गेली. विकीची केळ्याची साल. संघमित्राच्या चिठ्ठ्या. ती सर्दी. मला कधी सर्दी झालीच नव्हती! मफलर गुंडाळून माझ्याशेजारी माइकसमोर बसलेल्या काशीरामला झाली होती. जन्मभर ज्या आवाजावर मी मिरवले, तो माझा नव्हताच. दिवसभर तीन शब्दांत भागवणारा माणूस साडेपाच वाजता तिघांच्या वाटचं बोलत होता, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर असून मला पत्ता नव्हता. मग मी कोण? मी आहे तरी कशाला?

त्याच संध्याकाळी रुचिरा तेजलला न्यायला आली. पिशवी खुर्चीवर ठेवून ती तोंड धुवायला गेली. लहान मुलांना पिशवी दिसली, की हात आत जाणारच. तेजलने मला बाहेर काढलं आणि आजोबांसमोर धरलं. “आजोबा, हा काय डबा आहे?”

काशीराम मला बघून उभाच राहिला. त्याने मला हातात घेतलं. अंगठ्याने लेबल पुसलं, अगदी पूर्वीसारखं. मग काही न सांगता तो स्टुलावर चढला. मालन ओरडली, “अहो, पडाल! या वयात कसले उद्योग?” पण त्याने माळ्यावरून व्हीसीआर उतरवला, झाकण उघडलं, आतला भाग स्पिरिटने पुसला. बेल्ट ढिला झाला होता, तर मालनच्या मेथीच्या जुडीचं रबर लावलं. रुचिरा मोरीच्या दारात ओला चेहरा घेऊन उभी होती. तिला त्याला थांबवायचं होतं, पण काय सांगून थांबवणार?

काशीरामने वायरी घेतल्या. पिवळी वायर चित्राची, पांढरी वायर आवाजाची. पिवळी त्याने टीव्हीला खोचली. पांढरी तशीच लोंबत सोडली. मग मला आत सरकवलं.

मी काळोखात फिरू लागले. बाहेर नुसती शांतता.

“आवाज कुठेय?” तेजलने विचारलं.

रुचिरा यंत्र बंद करायला पुढे झाली असावी, कारण मालन म्हणाली, “राहू दे गं. ते नको म्हणतायत. हात धरलाय बघ तुझा.”

“पण आजोबा, अस्वलाचं तोंड हलतंय. ते काय म्हणतंय?”

पाटीवर खडू कर्रकर्र वाजला. तेजल म्हणाली, “हे नाही. ते काय म्हणतंय?” पुन्हा पाटी पुसल्याचा आवाज, पुन्हा खडू. पण माझं अस्वल काही थांबत नव्हतं. एक वाक्य पाटीवर उतरेपर्यंत ते चार वाक्यं पुढे गेलेलं असायचं. काशीराम अधिकाधिक घाईने लिहू लागला. शेवटी खडू मोडला. दोन तुकडे फरशीवर पडल्याचं मी ऐकलं.

“सांगा ना, आजोबा!”

मग पावलं वाजली. कपाटाचं कुलूप उघडलं. डब्याचं झाकण निघालं. मला मागे नेऊन पुन्हा सुरुवातीपासून लावलं गेलं. आणि एक घुर्र आवाज आला, लांबच्या मिक्सरसारखा, चढ नाही की उतार नाही :

“काय रे पोरांनू, जेवलात काय?”

मालनचाही आवाज नाही, आणि ही साधी गोष्ट नव्हे. सगळे तेजलच्या किंकाळीची वाट पाहत होते. मीही पाहत होते.

तेजलने बराच विचार करून विचारलं, “याला सर्दी झालीय का?”

घुर्र आवाज म्हणाला, “होय गो चेडवा. होडीत झोपलंय ना, थंड वारो लागलो.”

“मग स्वेटर घालायचा ना,” तेजल म्हणाली.

मित्रांनो, मी यंत्रात होते म्हणून, नाहीतर त्या घरातले चेहरे मला बघायचे होते. रुचिरा हसत होती की रडत होती, ते आवाजावरून कळत नव्हतं. मग ससा आला असावा, कारण तेजल तक्रार करू लागली, की सगळे सारखेच बोलतायत, कोण काय म्हणतंय ते कळत नाही. त्या मशीनला एकच सूर आहे. तेव्हा रुचिरानेच भराभर, घाबऱ्या आवाजात सशाचं बोलणं सुरू केलं. सशाची ती तऱ्हा तिला अजून पाठ होती! आणि बदक कुरकुरायला लागलं तेव्हा मालन म्हणाली, “मला नाही येत असलं काही. आणि भाजी कोण करणार? एक तर दिवसभर मी उभी, आणि तुम्ही होडीत बसून मजा करताय!” तेजल टाळ्या पिटत ओरडली, “आजी, बदक असंच बोलतंय!”

तेवढ्यात माझ्या आत काहीतरी कचकन अडकलं. ते मेथीचं रबर सुटलं असणार. माझी फीत यंत्रात गुरफटली आणि माझी चाकं थांबली. टीव्ही निळा झाला, असं रुचिरा म्हणाली.

मी थांबले. पण आवाज थांबला नाही.

अस्वल बोलतच होतं. त्याने सशाला विचारलं, तुका भूक लागली काय. बदकाला सांगितलं, आता कुरकुर पुरे. मग तेजलचं शाळेतलं काहीतरी विचारलं, तिच्या बाईंचं नाव, डब्यात काय होतं ते. दोन वर्षांचं साठलेलं विचारत होतं ते. आणि मी जागची हललेही नव्हते.

आता मी काही वाजत नाही. फीत चुरगळली आहे आणि देवेशनेही हात टेकले. मला टीव्हीशेजारच्या शोकेसमध्ये ठेवलं आहे, त्यामुळे आता मला सगळं दिसतं.

माझ्यासारख्या वस्तूने शेवटी चार शहाणपणाचे शब्द सांगायचे असतात. मित्रांनो, घरातल्या जुन्या कॅसेटी असतील तर त्यांना ओल लागू देऊ नका, बुरशी फार वाईट. पण कॅसेटमध्ये सगळं भरून ठेवलंय, असं समजून निर्धास्तही राहू नका. मी स्वतः तशी फसले आहे. तुमच्या घरात कुणी बोलायचं थांबलं असेल, तर त्यांच्या शेजारी जाऊन बसा आणि तेजलसारखं पुन्हा पुन्हा विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. आवाज ओळखीचा नसेल. तरी घाबरून पळू नका.

माझा गोंधळ अजून पूर्ण गेलेला नाही. मी नक्की काय होते, असा विचार अधूनमधून येतोच. पण साडेपाच वाजले, की काशीराम टीव्हीसमोर बसतो. टीव्ही बंद असतो. तो मशीन गळ्याला लावतो आणि विचारतो, “काय रे पोरांनू, जेवलात काय?”

आणि आतल्या खोलीतून तेजल धावत येते, दप्तर वाटेतच टाकते आणि ओरडते, “जेवलंय रे अस्वला! तू?”